नानांनी न घेतलेली बंदूक

दत्ताराम शिवलकर, म्हणजे आमचे नाना, रिकाम्या खुर्चीवर कधी बसत नसत. खोलीत चार खुर्च्या मोकळ्या असल्या तरी ते छत्री हातात धरून दारातच उभे राहत आणि कोणीतरी उठून "या नाना, बसा" म्हणेपर्यंत हलत नसत. मग उठलेल्या माणसाच्या खुर्चीवर, ती अजून कोमट असताना, ते बसत. आणि तो माणूस आधीपासून मोकळी असलेली दुसरी खुर्ची ओढून घेई. हा सोहळा मी लग्नात पाहिला, बारशात पाहिला, एकदा तर दातांच्या दवाखान्यात पाहिला. तिथे उठून जागा देणाऱ्याचा गाल टम्म सुजलेला होता. माझ्यासाठी आजवर कोणी उठलेलं नाही. मी आत गेलो की लोक म्हणतात, "ती बघा, कोपऱ्यात आहे एक."

हे मी मत्सरानं लिहितो आहे असं कोणाला वाटेल, तर ते बरोबर आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असा रिवाज आहे. तो पाळण्यात माझी अडचण एवढीच, की नानांबद्दलचं चांगलं सगळं इतरांनी आधीच बोलून संपवलं आहे. मला उरलंसुरलंच सांगावं लागणार.

नाना एसटीत कंडक्टर होते. मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. माझी नोकरी 'शांतता राखा' या पाटीखाली गेली आणि त्यांची घंटीच्या दोरीखाली. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना हळू बोलता येत नव्हतं आणि माझं बोललेलं कोणाला ऐकू जात नव्हतं. भाट्याचा पूल ओलांडून वर सड्यावर चढलं की आमची वाडी लागते. तिथे त्यांची आंब्याची कलमं आणि माझी कलमं यांच्यात फक्त एक चिऱ्यांचा गडगा, आणि खालच्या भातशेतांमध्ये एक बांध. कातळ तोच, वारा तोच, खतही एकाच दुकानातलं. तरी मोहर आधी त्यांच्याकडे येई. मी शेतीवरची सहा पुस्तकं वाचून काढली. नाना एकही न वाचता गडग्यावरून म्हणत, "सदा, झाडाला वाचून दाखवतोस काय रे? त्याला झोप येत असेल."

त्यांची काही वाक्यं ठरलेली होती. सर्वांत लाडकं म्हणजे, "उतरणाऱ्याला आधी वाट." गाडीच्या दारातली ही शिस्त ते कुठेही लावत. सासू-सुनेच्या भांडणात लावत, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत लावत, माझ्या निरोप समारंभात भाषण करताना त्यांनी तीच लावली. त्या भाषणाला टाळ्या पडल्या. सत्कारमूर्ती मी होतो. माझ्या भाषणाच्या वेळी चहा आला.

आता बंदुकीकडे येतो.

वाडीतले महादेव पावसकर गेले, तेव्हा त्यांच्यामागे पत्नी सुमनवहिनी, मुंबईतला मुलगा आणि एक ठासणीची बंदूक राहिली. शेतीच्या राखणीसाठी आमच्याकडे अशा बंदुकांचे परवाने मिळतात. काळी दारू नळीच्या तोंडातून ओतायची, वर छर्रे टाकायचे, गजानं ठासायचं, मागे ठिणगी पाडणारी केप बसवायची आणि मग नेम धरायचा. एवढं होईतो रानडुक्कर निम्मं शेत उरकून पाणी प्यायला गेलेलं असतं. परवाना महादेवांच्या नावचा असल्यामुळे ते गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. नव्या परवान्यावर कोणी घेतली तर ठीक, नाहीतर ती सरकारजमा होऊन वितळवली जाणार. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, बंदूक? इथं सोसायटीवाले कुत्रा ठेवू देत नाहीत." वहिनींचं म्हणणं एकच होतं. "यांनी तिला तेल लावून लावून पोरीसारखी जपली. भंगारात नको हो जायला. वाडीतच कोणीतरी घ्या."

बाहेरच्यांना सांगायला हवं, की आमच्या भागात बंदुकीची खरी शान ती झाडण्यात नसते, जमा करण्यात असते. निवडणूक जाहीर झाली की परवानेवाल्यांनी आपापल्या बंदुका ठाण्यात नेऊन ठेवायच्या. जुन्या चादरीत गुंडाळलेली ती लांब वस्तू घेऊन माणूस एसटीत चढला की कोणीतरी विचारतंच, "काय, जमा करायला काय?" मग तो दमल्यासारखा सुस्कारा सोडून म्हणतो, "काय करणार, आचारसंहिता." जणू हा निःशस्त्र झाल्याशिवाय लोकशाहीला पुढे सरकताच येत नाही. या प्रकाराला मी आयुष्यभर हसत आलो. आणि आयुष्यभर मला त्या चादरीचं एक टोक हातात धरायचं होतं.

वहिनींनी विचारलं ते अर्थातच नानांना. नाना म्हणाले, "बघूया."

ते 'बघूया' गणपतीत सुरू झालं आणि शिमग्यापर्यंत चाललं. दुसऱ्या कोणी इतका वेळ लावला असता तर लोकांनी त्याला चालढकल म्हटलं असतं. नानांनी लावला म्हणून तो विचार झाला. ज्या घरी जातील तिथे हाच विषय निघे, चहा येई, आणि नाना एकेक बाजू उलगडत.

"नाना, दोननळी बघा की त्यापेक्षा," कोणी सुचवलं.

"नको. दोन नळ्या असल्या की माणूस पहिला बार निष्काळजी काढतो."

"पण दुसऱ्यानं वापरलेली घ्यावी काय?"

"मेल्या, नवी गाडी कुठं बंद पडेल सांगता येत नाय. जुनीचे आवाज ठाऊक असतात."

ही वाक्यं मला सुचायला हवी होती. वाचन माझं होतं. एकदा वाण्याच्या ओट्यावर मी सगळ्यांना काळ्या दारूची माहिती दिली. सोरा, कोळसा आणि गंधक, त्यांचं प्रमाण, ती ओल कशी धरते, आपल्या दमट हवेत ती जपावी कशी. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग एकजण नानांकडे वळून म्हणाला, "खरं काय हो नाना?"

नाना म्हणाले, "सदा बोलतोय म्हणजे असणार."

तेव्हा कुठे ते खरं झालं.

घरी वेगळी परिस्थिती नव्हती. आमची ही म्हणे, "नाना बघा, कसा सगळ्या बाजूंनी विचार करतायत. तुम्ही मिक्सर आणलात तो दुकानदारानं पुढं केला म्हणून."

"मिक्सर चालतोय ना?"

"चालतोय. पण विचार केला होतात काय?"

नानांनी परवान्यासाठी अर्ज केला आणि एक दिवस बीटाचे हवालदार माझ्या अंगणात आले. अर्जदाराच्या चारित्र्याबद्दल शेजाऱ्याचा जबाब घ्यायचा असतो. म्हणजे वाडीतल्या ज्या एका माणसाला नानांची बंदूक होऊ नये असं मनातून वाटत होतं, त्यालाच सरकारनं विचारलं, माणूस कसा आहे.

"स्वभाव?" हवालदारांनी पेन उघडलं.

"शांत."

"भांडणतंटा?"

"त्यांना भांडावं लागत नाही. ते नुसते गप्प उभे राहिले की समोरचा आपण होऊन माफी मागतो."

"असं लिहिता येत नाही हो. थोडक्यात सांगा."

थोडक्यात सांगायचं तर, माणूस भपकेबाज आहे. पण भपका हा गुन्हा नाही; असता तर जिल्ह्याच्या तुरुंगावर आणखी एक मजला चढवावा लागला असता. दारू? नाही. जुगार? नाही. कोणावर हात उचलला? शिमग्याच्या गर्दीत पोराला धक्का देणाऱ्याला त्यांनी एकदा मानेला धरून बाजूला ठेवलं होतं, पण ठेवलं होतं अगदी नीट, एखादी पेटी ठेवावी तसं. मी कितीही खरवडलं तरी खालून चांगलंच निघत होतं. अतिशय वैतागवाणा अनुभव. शेवटी मी म्हटलं, "बरे आहेत." त्यांनी 'वर्तणूक चांगली' असं लिहिलं, मी सही केली.

मग एका सकाळी नाना गडग्यावरून ओरडले, "सदा, बंदूक बघायला जायचंय. चल, तुझं वाचन हाय." मी लगेच शर्ट बदलला.

ठाण्यात त्याच हवालदारांनी ती बाहेर आणली. सुमनवहिनींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली होती. लाकडी दस्त्याला एक बारीक चीर गेलेली, ती तांब्याच्या तारेनं बांधून काढलेली. नळी मात्र चकचकीत. नानांनी नळीत फुंकर मारून बघितली, वास घेतला, दस्ता थोपटला, जसं काही आयुष्यभर हेच केलं आहे. मग हवालदारांना विचारून त्यांनी ती खांद्याला लावली आणि अंगणातल्या चिंचेकडे रोखली. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. रुबाबदार दिसत होते. ते मला नाकारता येणार नाही.

"सदा, माशी दिसते काय रे?"

"कसली माशी?"

"नळीच्या टोकाची. नेम धरायची."

त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली. वाटलं होतं त्याहून ती जड होती. गाल दस्त्याला टेकवला आणि टोकाला मोहरीएवढी माशी दिसली, स्पष्ट. तिच्यापलीकडे चिंचेची एक डहाळी, तीही स्पष्ट. मी म्हटलं, "दिसते की. चांगली दिसते."

"हां," नाना म्हणाले. त्यांनी बंदूक परत घेतली आणि स्वतःच लुगड्यात गुंडाळली, फार सावकाश.

परतताना रिक्षात ते एक शब्द बोलले नाहीत. रिक्षावाल्यानंसुद्धा दोनदा मागे वळून बघितलं. भाट्याच्या किनाऱ्याशी ते म्हणाले, "जरा उतरूया." सुरूच्या बनाच्या कडेला एका ओंडक्यावर आम्ही बसलो. माझ्यासाठी जागा त्यांनीच हातानं झटकली.

"मला माशी दिसली नाय," ते म्हणाले. "नळीसुद्धा निम्मीच दिसली."

"मोतीबिंदू असेल. हल्ली दहा मिनिटांत काढतात."

"झालंय ते सगळं बघून. डॉक्टर बोलला, आतला पडदाच गेलाय. हळूहळू जाणार." त्यांनी समोर बोट केलं. "ते झाडांतून चाललंय तो माणूस की गाय?"

"स्कूटर आहे, नाना."

"बघ."

आम्ही दोघेही हसलो. मला वाटतं त्यांच्याबरोबर आणि एकाच गोष्टीला असा मी पहिल्यांदाच हसलो. मग ते म्हणाले, "तिन्हीसांजेला बांधावर काळं काय हललं, तर ते डुक्कर की तू, हे मला कळायचं नाय. हातात बंदूक नसली तर ते कळायची गरजही नाय. तेव्हा नकोच. आणि वाडीत बोलू नको हां. कंडक्टरला दिसत नाय असं कळलं की प्यासिंजर फुकट चढायला लागतात."

"नाही बोलणार."

"बंदूक तू घे."

"मी?"

"माशी दिसली तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. तेवढं अजून दिसतं मला."

खरंतर मी थोडा वेळ मागून घ्यायला हवा होता. निदान गणपतीपर्यंत 'बघूया' म्हणायला हवं होतं. वापरलेली बंदूक, चिरलेला दस्ता, साठीनंतर पुरवायची हौस, आणि बंदूकवाल्यांना आयुष्यभर हसल्यामुळे आता आपल्याला कोण कोण हसेल त्याचा हिशेब. विचार करायला बाजू पुष्कळ होत्या. मी सड्याच्या चढापर्यंतही पोचलो नाही. "घेतो," असं म्हणून बसलो. त्या मिक्सरसारखंच झालं.

नाना थेट सुमनवहिनींकडे गेले. "वहिनी, बंदूक वाडीतच राहील. सदा घेईल."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. दुकानात हवा तो साबण संपल्यावर दुसरा पुढे केला की बघतात, तसं. मग नानांना म्हणाल्या, "भावजी, तुम्ही सांगताय तर घेऊ दे."

यानंतर वाडीत जे झालं ते मी आजही पचवू शकलेलो नाही. हातातली बंदूक सोडल्यामुळे नाना आणखी मोठे झाले. कोणी म्हणालं, शेजारधर्म. कोणी म्हणालं, उतारवयात नानांना हिंसा नकोशी झाली. त्याच रविवारी हे अहिंसक गृहस्थ आमच्याकडे कोंबडीवडे खाऊन, वर रस्सा पिऊन गेले. आमची ही तर हळवी होऊन म्हणाली, "मिळत असलेली बंदूक तुमच्यासाठी सोडली हो त्यांनी. तुम्ही सोडली असतीत?" खरं कारण मला एकट्याला ठाऊक होतं. जिभेच्या टोकावर, माशीएवढं, स्पष्ट. मी वड्याचा घास घेतला.

मग माझा अर्ज गेला, आणि तेच हवालदार पुन्हा वाडीत आले. या वेळी नानांच्या ओट्यावर, माझ्याबद्दल विचारायला. मी गडग्याच्या अलीकडे कलमाच्या आळ्यातलं तण काढत होतो. चोरून ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. नाना बोलत असताना न ऐकायचं तर माणसाला पावस गावापर्यंत जावं लागलं असतं.

"शेजारी म्हणून कसे आहेत?" हवालदार.

"जळका हाय."

"म्हणजे?"

"माझ्यावर जळतो. आजचं नाय, कैक वर्षं. माझ्याकडं मोहर आधी आला की त्याला जेवण जात नाय."

"नाना, हे असं लिहू?"

"लिव्ह की. पण पुढचं पण लिव्ह. एवढा जळतो, पण या गडग्याचा एक चिरा इकडचा तिकडं केलेला नाय. फवारणीचा पंप मागितला तर स्वतः खांद्यावर टाकून आणतो. तोंड वाकडं करून आणतो, पण आणतो."

"रागीट आहेत का?"

"राग येतो, पण सावकाश येतो. डुक्कर दिसलं की आधी त्याला मनातल्या मनात शिव्या घालील, मग ते डुक्कर शास्त्रात कुठल्या जातीचं ते आठवील, मग बार काढील. तोवर डुक्कर चिपळूणला पोचेल. कोणाला धोका नाय."

हवालदार हसले. मी हातातलं तण घट्ट धरून तसाच ओणवा राहिलो.

"आणि आणखी एक," नाना म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. तो दुसऱ्या आळ्यापर्यंत आला. "माझी एक गोष्ट त्याच्याजवळ हाय. बाहेर काढली असती तर त्याचा फायदा होता. जळका माणूस अशी संधी सोडत नाय. ह्यानं बायकोला पण बोललेलं नाय, ते तिच्या तोंडावरनं कळतं मला. त्याला बंदूक द्या. तोफ मागितली तर तोफ द्या."

"कुठली गोष्ट?"

"ती तुला सांगितली तर त्यानं एवढी राखलीन ती कशाला?"

मी नानांबद्दल 'बरे आहेत' म्हटलं होतं. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माणसानं एका माणसाबद्दल दोन शब्द दिले, आणि तिकिटं फाडलेल्या माणसानं हे. त्या दिवशी मला त्यांचा जेवढा हेवा वाटला तेवढा मोहराच्या दिवसांतही कधी वाटला नाही.

बंदूक आली. मी तिला तेल लावतो, दसऱ्याला फूल वाहतो, आणि निवडणूक लागली की चादरीत गुंडाळून ठाण्यात नेतो. पहिल्या खेपेला एसटीत मी सुस्कारा तयार ठेवला होता. पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून विचारलं, "नानांची बंदूक ना ही?" मी म्हटलं, "होय."

नंतर नानांची नजर जसजशी गेली, तसतसं ते वाडीला कळलं असतं. पण ते चालताना माझ्या खांद्यावर हात टाकू लागले आणि लोक म्हणाले, बघा, नाना माणसाला कसं जवळ करतात. माझा खांदा दुखायचा. शेवटचे काही आठवडे ते खाटेवरच होते. एका दुपारी मी गेलो तेव्हा पावलांच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"सदा, बार काढलास काय रे एकदा तरी?"

"नाही."

"का? डुकरं येत नाहीत?"

"येतात की. पण बांधावर काळं काही हललं की आधी वाटतं, तुम्हीच असाल. वाट चुकून आला असाल."

नाना इतक्या मोठ्यानं हसले की नानी आतून धावत आल्या. "मेल्या, डोळे माझे गेले आणि दिसत नाय तुला," ते म्हणाले, आणि हसता हसता खोकू लागले.

ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. तिन्हीसांजेला भाताच्या कडेला काहीतरी हलतं. मी दारू ओततो, छर्रे टाकतो, ठासतो, केप लावतो, दस्ता गालाला लावतो. माशी अजून अगदी स्पष्ट दिसते. जे हलतं आहे ते नाना नाहीत, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही. मी बोट चापावर ठेवून उभा राहतो, आणि डुक्कर, कसलीही घाई न करता, माझ्या शेतातून त्यांच्या शेतात जातं.